डाळ बंद करायच्या आधी जरा हुलग्याकडं बघा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत ते लेक्टिनवालं आलं होतं ना, की डाळी-कडधान्यांत लेक्टिन नावाचं विष असतं, ते आतडं खराब करतं, इम्युनिटी पाडतं, म्हणून डाळ सोडा. ते कात्रण आमच्या आईनं फ्रिजला चिकटवलंय आणि पाच दिवस झाले घरात वरण नाही. लातूरसारख्या डाळमिलच्या गावात राहून आम्ही भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खातोय. (शेंगदाण्यातपण लेक्टिन असतं हे तिला अजून सांगितलं नाही, नाहीतर चटणीपण जायची.)

मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे. आमच्या फ्रिजमध्ये तर लेक्टिनची बाटलीच असते, अँटी-ए-वन लेक्टिन, आणि ते निघतं कशातून तर हुलग्यातून. आजी ज्याचं माडगं करायची तोच हुलगा. ए ग्रुपच्या रक्ताचा एक थेंब घ्यायचा, त्यात बाटलीतला एक थेंब टाकून काडीनं कालवायचं, ए ग्रुपचे ए-वन आणि ए-टू असे पोटप्रकार असतात, त्यातला ए-वन असेल तर बघता बघता लाल रवा धरतो आणि ए-टू असेल तर तसंच सपाट पातळ राहतं. कारण लेक्टिन म्हणजे साखर पकडणारं प्रोटीन, पण कुठलीपण साखर नाही, ठरलेली. ए-वनच्या पेशीवर ती साखर भरपूर असते, ए-टूवर कमी. 1954 मध्ये बॉइड नावाच्या शास्त्रज्ञानं हे नाव दिलं ते लॅटिनमधल्या 'निवडणे' या शब्दावरून. आपण सुपात डाळ निवडतो ना, तसंच.

आता विषाचं म्हणाल तर तेपण खोटं नाही. बांधावरच्या एरंडाच्या बीमधलं रायसिन हे लेक्टिनच, जीव घेणारं. 1888 ला स्टिलमार्क नावाच्या संशोधकानं एरंडाच्या बियांतलं प्रोटीन रक्तात टाकलं आणि गुठळ्या झाल्या, तिथूनच हा सगळा अभ्यास सुरू झाला. कच्च्या राजम्यातपण असतं, चार-पाच दाणे खाल्ले तरी उलट्या होऊ शकतात. जपानमध्ये 2006 साली टीव्हीवर कुणीतरी वजन कमी करायला पांढरा राजमा थोडासा भाजून पूड करून खा म्हणून सांगितलं आणि शेकडो लोकांना उलट्या-जुलाब झाले. म्हणजे घात झाला तो अर्धवट भाजण्यानं आणि टीव्हीवरच्या सल्ल्यानं. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नीट उकळला की काम संपतं. आपलं वरण तर कुकरमध्ये 120 डिग्रीच्या आसपास शिजतं, तिथं लेक्टिन कुठून टिकणार.

आणि जे तुमच्या लेखात एका ओळीतपण नव्हतं ते सांगतो, आपलं शरीर स्वतः लेक्टिन बनवतं. लिव्हरमध्ये मॅनोज नावाची साखर पकडणारं एक लेक्टिन तयार होतं, ते रक्तात फिरतं, बऱ्याच जंतूंच्या अंगावर मॅनोजची साखर उघडी असते तिला जाऊन चिकटतं, मग मागून बाकीची फौज येते आणि जंतूला भोक पाडते. आपल्या पेशींवर मॅनोज असलं तरी दुसऱ्या साखरेखाली झाकलेलं असतं म्हणून आपण वाचतो. हे लेक्टिन जन्मतःच कमी असलं तर लहान लेकरं घडीघडी आजारी पडू शकतात, मोठेपणी बऱ्याच जणांना काही होतपण नाही. म्हणजे ज्यानं इम्युनिटी पडते म्हणून छापलं, त्याच जातीचं प्रोटीन इम्युनिटीच्या कामावर आहे!

अर्थात शत्रूकडंपण हेच हत्यार आहे. 2021 च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या तेव्हा बर्ड फ्लूची एवढी चर्चा झाली, पण त्या विषाणूच्या एच-फाइव्ह-एन-वन या नावातला एच काय ते कुणी सांगितलं नाही. तो एच म्हणजे हीमॅग्लुटिनिन, साखर पकडणारंच प्रोटीन. पक्ष्याच्या पेशीवर सायलिक ॲसिड नावाची साखर एका पद्धतीनं जोडलेली असते, माणसाच्या नाका-घशात जास्त करून दुसऱ्या पद्धतीनं. बर्ड फ्लूच्या विषाणूची पकड पक्ष्याच्या जोडणीवर बसते, म्हणून हा रोग माणसातून माणसात सहजी पसरत नाही. ती पकड बदलते का यावर शास्त्रज्ञांची नजर असते ती यामुळंच.

तर साहेब, एवढीच विनंती, दुरुस्ती छापा, आणि कोपऱ्यात बारीक टायपात नको, त्याच पुरवणीत त्याच पानावर तेवढ्याच मोठ्या अक्षरात, म्हणजे आईला कात्रणावर कात्रण चिकटवता येईल.

आपला,
रक्तपेढीतला एक वाचक, लातूर