बॉडीला प्लस असतो, साहेब

विषय : ‘छुपा इंडिकेटर’ किटचे पैसे परत मिळण्याबाबत

व्यवस्थापक,

तुमच्या ग्राहक सेवेला केलेला पाचवा फोन आत्ताच ठेवला. गाडी १९३०ची फोर्ड मॉडेल ए, ६ व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थिंग, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला. तुमच्या खोक्यावर ठळक छापलंय : ‘६ व १२ व्होल्ट, दोन्ही अर्थिंगला चालतो.’

नाही चालत. पत्रकात आहे तशी काळी तार बॉडीला लावली तर एलईडी पेटतच नाही, कारण बॉडीला प्लस आहे. तारा उलट्या लावल्या की १० अँपिअरचा फ्यूज उडतो. मल्टिमीटरचं एक टोक काळ्या, म्हणजे मायनसच्या तारेला, दुसरं दिव्याच्या बोल्टला लावून बघा : बीप. म्हणजे दिव्याचं धातूचं घर आतून मायनसला जोडलेलं. ते बंपरच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत क्लॅम्पने कसलं की सरळ शॉर्ट. मॉडेल एला कारखान्यातून फ्यूज येतच नव्हता. इथे नंतर बसवलेला होता म्हणून वायरिंग वाचलं.

यावर तुमचा माणूस काय म्हणाला? “सर, तुमची बॅटरी उलटी लागलीये, सरळ करून घ्या.” फोर्डने कारखान्यातूनच तशी दिली आहे म्हटल्यावर, “असं कुठल्याच गाडीत नसतं सर.” मग मॉडेलचं साल विचारलं. १९३०. दोन मिनिटं शांतता. “सिस्टीममध्ये १९९८च्या आधीचं येत नाही, १९९८ टाकू?” टाका. “मग सर, १९९८च्या गाडीला इंडिकेटर कंपनीचेच असतात ना?” आणि शेवटी, हसत : “तोवर हात दाखवा सर, जुन्या गाडीला शोभतं.” हात दाखवायला ४,८०० रुपये पडत नाहीत, एवढं त्याला कळवा.

दिवे लुकलुकवणारा फ्लॅशरही तसाच. हेडलाइट लावून सिग्नलला उभं राहिलं की आयडलला, म्हणजे इंजिन मंद चालताना, डायनॅमो चार्ज देत नाही, व्होल्टेज सहाच्या खाली जातं. फ्लॅशर एकदा ‘टिक’ करून गप्प. नियमाला मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुक हवी, एकदा नव्हे. डावा लावला की उजवाही मंद लुकलुकतो, कारण पायलट दिवा (चालकाला इंडिकेटर चालू असल्याचं दाखवणारा) तुम्ही डाव्या-उजव्या तारांच्या मध्ये टाकलाय आणि एलईडीला तेवढा करंट पुरतो. करंट एकाच दिशेने सोडणारे दोन वन-एन-४००७ डायोड टाकून पायलटचं दुसरं टोक बॉडीला दिलं असतं तर भागलं असतं. पॉझिटिव्ह अर्थिंगला डायोडची पट्टी इंडिकेटरच्या तारेकडे, पायलटकडे नव्हे. हेही आम्हीच सांगायचं?

उघड आहे, हा माल हॉट रॉडवाल्यांसाठी, म्हणजे जुन्या गाड्या बदलून वेगवान करणाऱ्यांसाठी बनलेला. अमेरिकेत याच मॉडेल एचे हॉट रॉड करताना सर्रास १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थिंग करतात. तुम्ही खोक्यावर नवा स्टिकर चिकटवलात. आमच्याकडे व्हिंटेज नोंदणीला गाडी मूळ रूपात लागते, म्हणून तर पत्र्याला भोक न पाडता लपणारे दिवे घेतले.

पुन्हा सांगतो, दिव्याचं घर मायनसला जोडलेलं आहे. घर बंपरला टेकू नये म्हणून चार नायलॉन बुश, आठ फायबर वॉशर आणि प्रत्येक दिव्याला वेगळी रिटर्न तार, एवढ्यावर काम होत होतं. शंभरेक रुपयांचा जिन्नस वाचवलात. तुमच्या जुन्या हॉर्न रिलेवर भरवसा होता म्हणून हा किट घेतला होता. तो भरवसा आता संपला.

पंधरा दिवसांत ४,८०० रुपये परत करा आणि खोक्यावरचं ‘दोन्ही अर्थिंग’ खोडा. नाहीतर जळका फ्यूज आणि मल्टिमीटरचा व्हिडिओ जिल्हा ग्राहक आयोगापुढे ठेवीन. उत्तर लेखी द्या, फोन नको.

एक ग्राहक
(बिलाची प्रत सोबत)