“बाई, कशालाही हात लावू नका”: एक खुले आभारपत्र

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

तुमचे नाव या पत्रात घालू नये असे तुम्ही दोनदा बजावले आहे, म्हणून ते घातलेले नाही. आमच्या वाचनालयाच्या जुन्या सभासदांना ते ठाऊक आहेच. बालविभागातून आठवड्याला तीन पुस्तके नेणारा आणि चौथ्यासाठी हट्ट धरणारा मुलगा त्यांच्या चांगला लक्षात आहे. मे २०२३ मध्ये आमच्या डिस्क-पेटीसाठी, म्हणजे अनेक हार्ड डिस्क एकत्र जोडून माहिती साठवणाऱ्या पेटीसाठी, तुम्ही जे केलेत, त्याची कार्यकारिणीच्या इतिवृत्तात “संगणकीय साठ्यातील बिघाड दूर करून घेण्यात आला” एवढीच नोंद झाली. ही नोंद लिहिताना मला फार अपुरे वाटले. तुम्ही काय केलेत, कोणत्या क्रमाने केलेत आणि काय करण्याचे कटाक्षाने टाळलेत, हे सविस्तर लिहिल्याशिवाय तुमचे आभार मानल्यासारखे होणार नाही.

त्या पेटीत काय होते ते आधी सांगते. सांगली जिल्ह्यातील आमच्या या कृष्णाकाठच्या गावात २०१४ ते २०१८ या काळात आम्ही परिसरातील जुन्या घराण्यांकडून मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, मागून आणले, एकेक पान स्कॅन केले आणि मूळ रुमाल ज्याचे त्याला परत केले. अशी सुमारे साठ हजार पाने जमली. चारशे डीपीआयने (इंचाला चारशे ठिपके) घेतलेले ए-४ आकाराचे एक रंगीत पान कॉम्प्रेस न करता सुमारे ४६ एमबी जागा घेते, म्हणजे पानांचाच साठा पावणेतीन टीबीच्या घरात गेला. त्याखेरीज जात्यावरच्या ओव्यांची तीनशे तासांची ध्वनिमुद्रणे होती. पुढे ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ज्या घरांत पाणी शिरले, तिथले कितीतरी रुमाल चिखलात गेले. पेटी वरच्या मजल्यावर होती म्हणून वाचली. पण साठ्याची दुसरी प्रत ज्या सुट्या डिस्कवर होती, ती तळमजल्याच्या कपाटात होती आणि तिचे काही उरले नाही. नवी प्रत करायची असे दर बैठकीत ठरत राहिले आणि झाली मात्र नाही. ही चूक आमची, आणि मुख्यतः माझी. त्यामुळे मे महिन्यात पेटी बंद पडली तेव्हा त्या कागदांची जगातील एकमेव प्रत तिच्यात होती.

चार डिस्क, प्रत्येकी दोन टीबीच्या, रेड-५ पद्धतीने जोडलेल्या. एक डिस्क गेली तरी माहिती सुरक्षित राहते, एवढेच आम्हाला ठाऊक होते आणि त्याच्या भरवशावर आम्ही निर्धास्त होतो. तिसऱ्या खणातील डिस्क फेब्रुवारीतच बाद झाली होती. तशा इशाऱ्याचे ईमेलही गेले होते, पण ते निवृत्त झालेल्या लिपिकांच्या पत्त्यावर गेले. तीन महिने पेटी तीन डिस्कांवर चालली. मग एका मंगळवारी दुपारी दुसऱ्या खणातील डिस्कही अडखळली, पेटी टीं-टीं वाजू लागली आणि पडद्यावर “व्हॉल्यूम क्रॅश” असे लाल अक्षरांत आले. ज्यांच्याकडून पेटी घेतली होती त्यांना फोन केला. त्यांनी दोन नव्या डिस्क घालून सगळे नव्याने सुरू करण्याचे बटण दाबायला सांगितले. जुनी माहिती आपोआप परत येईल, असेही ते म्हणाले. नव्या डिस्क गावात मिळेनात म्हणून काम दुसऱ्या दिवसावर गेले, आणि त्या संध्याकाळी तुमच्या आई पुस्तक बदलायला आल्या. माझा चेहरा पाहून त्यांनी कारण विचारले आणि तिथूनच तुम्हाला फोन लावला.

तुमचे पहिले वाक्य मला शब्दशः आठवते. “बाई, आता कशालाही हात लावू नका.” मग तुम्ही पेटी रीतसर बंद करायला सांगितलीत, प्रत्येक डिस्कवर तिच्या खणाचा आकडा मार्करने लिहायला लावलात आणि फोटो पाठवायला सांगितलेत. ते बटण दाबले असते तर डिस्कांवर रचनेची नवी नोंद लिहिली गेली असती, कदाचित क्रमही बदलला असता, आणि पेटीने मोकळ्या जागेवर नवी मांडणी सुरू केली असती. डिस्क बिघडल्याने जेवढी माहिती जाते, तिच्यापेक्षा अधिक माहिती कित्येकदा ती परत आणण्याच्या घाईत जाते, हे तुम्ही तेव्हा शांतपणे समजावलेत. तुमच्या मदतीतील सर्वांत मोलाची गोष्ट कोणती असे मला कोणी विचारले, तर मी त्या पहिल्या फोनचेच नाव घेईन. तुम्ही आमचे हात थांबवलेत.

शुक्रवारी रात्रीच्या एसटीने तुम्ही चार नव्या, चार टीबीच्या डिस्क घेऊन आलात. शनिवारी सकाळी वाचनकक्षातील मोठ्या टेबलावर एकेक जुनी डिस्क जोडून, तिच्यावर कान टेकवून तुम्ही ऐकत होतात. खट्-खट् असा आवाज आला तर आतील, माहिती वाचणारे शीर्ष निकामी झाले असे समजायचे. मग ती डिस्क क्षणभरही चालवायची नाही, सरळ धूळमुक्त प्रयोगशाळा असलेल्या व्यावसायिकांकडे पाठवायची आणि तो खर्च झेपेल का ते वाचनालयाने ठरवायचे, हे तुम्ही आधीच स्पष्ट केलेत. आपल्या आवाक्यात काय आहे आणि काय नाही, हे काम हाती घेण्यापूर्वी सांगणारा माणूस मिळणे किती दुर्मीळ आहे, हे त्या आठवड्यात मला चांगलेच कळले होते. चारही डिस्क एकसारख्या घुमत होत्या. तुम्ही मान वर करून हसलात, तेव्हा मी पहिल्यांदा खुर्चीवर बसले.

त्यानंतरही तुम्ही दुरुस्तीला हात घातला नाहीत. आधी चारही डिस्कांच्या जशाच्या तशा प्रती घ्यायच्या आणि पुढचे सगळे त्या प्रतींवर करायचे, हा तुमचा नियम होता. त्यासाठी तुम्ही जीएनयू डीडीरेस्क्यू हा मुक्त प्रोग्राम वापरलात. पहिल्या फेरीत तो सहज वाचता येणारा भाग भराभर उचलतो, अडला तिथे न रेंगाळता पुढे जातो आणि राहिलेल्या जागांचा नकाशा एका फाइलीत लिहून ठेवतो; नंतरच्या फेऱ्यांत त्या जागांकडे परत येऊन कडेकडेने खरवडत जातो. मरणाच्या वाटेवरच्या डिस्ककडून जे सहज मिळते ते आधी घ्यावे, कारण ती केव्हा थांबेल याचा नेम नसतो, हे तुमचे म्हणणे मला पटले. चिखलातून काढलेले रुमाल सोडवताना आम्हीही तसेच केले होते. सुटी निघणारी पाने आधी, चिकटलेला गठ्ठा शेवटी. पहिली, तिसरी आणि चौथी डिस्क प्रत्येकी पाच-सहा तासांत उतरली. दुसरीचा जवळजवळ सगळा भाग शनिवारी रात्रीपर्यंत आला. उरलेल्या चिमूटभर जागेला सोमवारची दुपार उजाडली. उकाडा इतका होता की तुम्ही तिच्यासमोर टेबलफॅन लावून ठेवला होता. रविवारी संध्याकाळी वीज गेली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पण नकाशाची फाइल शाबूत असल्याने वीज येताच काम थांबले होते तिथूनच पुढे सुरू झाले.

शेवटी दुसऱ्या डिस्कवरील ९७ सेक्टर, म्हणजे डिस्कवर माहिती ठेवण्याचे छोटे कप्पे, वाचता आले नाहीत. प्रत्येक ४०९६ बाइटांचा, म्हणजे सगळे मिळून चार लाख बाइटांच्या आत. दोन टीबीमध्ये ही जागा किती क्षुल्लक! तरीही तुम्ही ती सोडून दिली नाहीत, आणि यापुढचा भाग मला सर्वांत सविस्तर लिहावासा वाटतो.

रेड-५ म्हणजे काय, ते तुम्ही मला जुन्या तालिका-कार्डाच्या मागच्या बाजूला लिहून दाखवलेत. तीन डिस्कांवर १, ०, १ असे अंक असतील तर चौथीवर असा अंक लिहायचा की त्या ओळीतील १ या अंकांची संख्या सम व्हावी, इथे ०. मग कोणतीही एक डिस्क नाहीशी झाली तरी उरलेल्या तीन अंकांवरून चौथा काढता येतो. हा ताळ्याचा अंक एकाच डिस्कवर न ठेवता आळीपाळीने चारही डिस्कांवर फिरवतात. या पद्धतींना रेड हे नाव बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांच्या १९८८ च्या निबंधामुळे मिळाले, आणि महागड्या एका डिस्कऐवजी स्वस्त अशा अनेक डिस्क वापराव्यात हा त्यामागील मूळ विचार होता, हेही तुम्ही सांगितलेत. विज्ञान शाखेचा गंध नसलेल्या मला ते कार्ड पाहताक्षणी कळले.

त्याच कार्डावर खाली तुम्ही चार आकडे लिहिलेत: ६१९०४, ६१८९७, ४८२११, ६१९०४. रचनेत बदल होत जातात तसतसा वाढणारा हा मोजणीचा आकडा प्रत्येक डिस्क स्वतःजवळ ठेवते. पहिली आणि चौथी बरोबरीने चालत होत्या, दुसरी शेवटच्या क्षणी सात पावले मागे राहिली होती, आणि तिसरी फेब्रुवारीतच थांबली होती. म्हणून दुसरीला सोबत घ्यायचे आणि तिसरीला बाहेर ठेवायचे. शिळी तिसरी डिस्क जुळणीत घेतली असती, तर फेब्रुवारीची आणि मेची माहिती एकमेकांत मिसळून दोन्ही नासल्या असत्या. ही जुळणीही तुम्ही प्रतींवर थेट केली नाहीत. प्रत्येक प्रतीवर एक आच्छादन घातलेत, म्हणजे जे काही लिहिले जाईल ते आच्छादनावर उमटेल आणि खालची प्रत जशीच्या तशी राहील. मोडी शिकवताना आम्ही मूळ पानावर पारदर्शक कागद ठेवून अक्षरे गिरवायला लावतो, अगदी तसे. दोनदा काही अंदाज चुकले, दोनदा तुम्ही आच्छादन फेकून दिलेत आणि पुन्हा सुरुवात केलीत. तिसऱ्या खेपेला फोल्डरांची यादी पडद्यावर आली.

मग ते ९७ सेक्टर. बाजूला ठेवलेली शिळी डिस्क तुम्ही आता हाती घेतलीत. आमचा साठा बहुतांशी एकदा लिहून ठेवलेला, पुन्हा न बदलणारा. तेव्हा ज्या पट्ट्यात फेब्रुवारीनंतर काहीच लिहिले गेले नाही, तिथे तिसऱ्या डिस्कवरचा मजकूर अजूनही खराच असणार. पहिली, तिसरी आणि चौथी घेऊन दुसरीचा हरवलेला तुकडा गणिताने काढायचा आणि तो बरोबर आला की नाही हे फाइलीच्या पडताळणी-अंकावरून (फाइलीतील मजकुरावरून काढलेल्या, मजकूर बदलला की बदलणाऱ्या अंकावरून) तपासायचे, असे तुम्ही ठरवलेत. स्कॅनिंगच्या काळात आमच्या लिपिकांनी प्रत्येक रुमालासोबत हे पडताळणी-अंक चिकाटीने नोंदवले होते. ज्यांचे ईमेल कोणी वाचले नाहीत तेच हे गृहस्थ, आणि आज त्यांचेही आभार मला मानायचे आहेत. ३१ सेक्टर रिकाम्या जागेत निघाले. ६५ गणिताने परत आले आणि त्यांच्या फाइलींचे अंक नोंदीशी तंतोतंत जुळले.

एक सेक्टर राहिला. तो एप्रिलमध्ये साठवलेल्या ओव्यांच्या मुद्रणात होता, तिसरी डिस्क बंद पडल्यानंतरचा. आणि ज्या मेमरी कार्डावर ते मुद्रण होते, ते आम्ही पुसून पुन्हा वापरले होते. तुम्ही हिशेब करून सांगितलेत की ४०९६ बाइट म्हणजे त्या मुद्रणातील सुमारे १४ मिलिसेकंद. आपण दोघांनी हेडफोन लावून ती जागा ऐकली. जात्याची घरघर चालू असते, आजी “बंधवाच्या गावा” म्हणतात आणि “गावा”मधल्या आकारात एक बारीकसा टक् आवाज येतो. तो भाग सफाईने जोडून देता येईल असे तुम्ही म्हणालात, पण लगेच स्वतःच विचारलेत की मूळ आहे तसे ठेवायचे का. आम्ही तसेच ठेवले आहे आणि सूचीत तशी नोंद केली आहे.

तपासणीसाठी तुम्ही उघडलेले पहिले पान ज्या घराण्याचे होते, त्यांचा रुमाल महापुरात गेला आहे. पान हळूहळू वरून खाली उमटत गेले: आधी “श्री”, मग मोडी लिहिताना अगोदरच ओढून ठेवतात ती आडवी रेघ, मग तिला लटकत गेलेली अक्षरे, आणि उजव्या कोपऱ्यातील तो शाईचा डाग. त्या घरच्या वहिनींना मी फोन केला, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

तुम्ही मानधन घेतले नाहीत, एसटीचे भाडेही घेतले नाहीत. त्याऐवजी तीन गोष्टी करवून घेतल्यात: पेटीचे इशारे आता तीन वेगवेगळ्या व्यक्तींना जातात, एक पूर्ण प्रत पूररेषेच्या वर असलेल्या महाविद्यालयात ठेवली आहे आणि दुसरी दर तीन महिन्यांनी पुण्याला जाते. चालू तिमाहीची डिस्क गेल्या सोमवारी रवाना झाली.

सगळ्या साठ हजार पानांचे पडताळणी-अंक जुळल्याशिवाय जुन्या चार डिस्क टाकू नका, असे तुम्ही निघताना म्हणाला होतात. ते काम या महिन्यात पूर्ण झाले आणि सगळे अंक जुळले. तरीही डिस्क टाकल्या नाहीत. लाल कापडाच्या रुमालात, खणांच्या क्रमाने, वरती ते तालिका-कार्ड ठेवून त्या वरच्या मजल्यावरील दप्तराच्या कपाटात बांधून ठेवल्या आहेत. पुढच्या वेळी याल तेव्हा त्यांचे काय करायचे ते सांगा. तुमच्या आईंना नमस्कार.

आपली स्नेहांकित,
ग्रंथपाल