गोळी स्वस्त झाली, आता पगाराचं बोला
(विकसनशील देशांच्या अर्थमंत्र्यांना खुले पत्र)

महोदय,
स. न. वि. वि.

एचआयव्हीबद्दलची पत्रं आरोग्यमंत्र्यांना लिहायची रीत आहे. हे तुम्हाला लिहितोय, कारण फाइल अडते ती तुमच्या टेबलावर.

२००० साली एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधांना १०,००० डॉलरच्या वर खर्च येई. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला या भारतीय कंपनीने तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला. २०२३ मध्ये डोल्युटेग्रॅविर हे औषध असलेली रोजची एक गोळी ग्लोबल फंडाला (एड्स, क्षयरोग, मलेरियाविरुद्ध पैसा पुरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधीला) वर्षाला ४५ डॉलरच्या आत मिळू लागली. आफ्रिकेतल्या लोकांना घड्याळ कळत नाही, ते गोळ्या वेळेवर कशा घेणार, असं २००१ मध्ये अमेरिकी मदतसंस्थेचे प्रमुख बोलून गेले होते. २०२४ अखेर जगात ३ कोटी १६ लाख लोक उपचार घेत होते. त्यांतले कितीतरी आफ्रिकेतलेच.

तरी ९० लाखांहून अधिक लोक अजून बाहेर आहेत. मुलांचं तर विचारूच नका: प्रौढांपैकी ७८ टक्क्यांना उपचार मिळतात, मुलांपैकी जेमतेम ५५ टक्क्यांना.

औषध सुरू करणं त्यामानाने सोपं. अवघड आहे ते चालू ठेवणं. बरं वाटू लागलं की माणूस गोळी सोडतो, कामासाठी गाव बदलतो, शेजाऱ्यांना कळेल म्हणून केंद्राकडे फिरकत नाही. मग विषाणू पुन्हा वाढतो. नियमित गोळीने तो चाचणीत सापडेनासा झाला, तर लैंगिक संबंधांतून दुसऱ्याला लागण होत नाही. म्हणजे सुटलेला रुग्ण परत आणणं हा प्रतिबंधावरचाही खर्च आहे. त्याला शोधून आणतात समुपदेशक, आरोग्यसेविका आणि स्वतः एचआयव्हीसह जगणारे कार्यकर्ते. अनेक देशांत त्यांचे पगार परदेशी पैशातून होत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने मदत थांबवली आणि यांतल्या कित्येकांचं काम रातोरात गेलं. गोळ्या कोठारात असून काय उपयोग, न आलेल्याला फोन कोण करणार?

आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी २००१ मध्ये नायजेरियातल्या अबुजात अर्थसंकल्पाचा १५ टक्के वाटा आरोग्याला द्यायचं कबूल केलं होतं. बहुतेकांनी तो आकडा गाठलेला नाही. मी एवढं मोठं मागत नाही. या माणसांचे पगार आणि व्हायरल लोडची (रक्तात विषाणू किती आहे याची) चाचणी नियमित खर्चात घ्या. ज्यांचा आजार आटोक्यात आहे त्यांना सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, म्हणजे त्यांच्या खेपा वाचतील आणि केंद्रावरची गर्दीही.

पुढच्या अर्थसंकल्पात ही तरतूद कोणत्या पानावर शोधायची, तेवढं कळवावं.

आपला,
एक वाचक