‘एकहाती’ म्हणजे किती हातांनी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी झालेल्या हौशी सायकल शर्यतीचे वृत्त आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर छायाचित्रासह प्रसिद्ध झाले, याबद्दल प्रथम आभार मानतो, कारण एरवी या खेळाच्या वाट्याला दोन ओळीही मुश्किलीने येतात. मात्र ‘एकहाती विजय’ हे त्या वृत्ताचे शीर्षक आणि विजेत्याने ‘सर्व स्पर्धकांना एकट्याने मागे टाकले’ हे त्यातले वाक्य वाचून विजेत्यासह आमचा सगळा संघ अवघडून गेला. विजेता आमच्याच संघातला आहे आणि मी त्या शर्यतीत एकेचाळिसावा आलो. माझा क्रमांक छापून यावा असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण त्या एकेचाळिसाव्या क्रमांकाचा पहिल्या क्रमांकाशी जो संबंध होता, तो बातमीतून पूर्णपणे गळाला आहे आणि त्यामुळे ज्याने ही शर्यत कधी पाहिलेली नाही अशा वाचकाला हा खेळ आहे त्याहून निराळाच भासतो, म्हणून हे पत्र.

प्रत्यक्षात घडले ते असे. शर्यतीचे पंधरा किलोमीटर उरले असताना चौघे जण घोळक्यातून निसटून पाऊण मिनिट पुढे गेले होते आणि वारा समोरून होता. आमच्यापैकी शेवटच्या धावेत जिंकू शकेल असा एकच गडी होता. त्याला मध्ये झाकून ठेवून आम्ही उरलेले चौघे घोळक्याच्या तोंडाशी आलो. अशा वेळी पद्धत ठरलेली असते. पुढच्याने अर्धा-पाऊण मिनिट वारा अंगावर घ्यायचा, मग कोपर किंचित बाहेर काढून मागच्याला खूण करायची, बाजूला सरकून वेग थोडा सोडायचा आणि आपली रांग शेजारून पुढे निघून जात असताना तिच्या शेवटच्या चाकामागे पुन्हा चिकटायचे. पाहणाऱ्याला वाटते की पुढे राहून ओढणे सर्वांत कष्टाचे असेल. खरी कसोटी ते चाक पुन्हा धरताना लागते, कारण नेमके त्याच क्षणी माणूस दमलेला असतो आणि तेव्हाच त्याला चार जोरकस पायडल मारावी लागतात. सहाव्या फेरीला माझ्याकडून ती मारली गेली नाहीत. पुढच्या चाकात आणि माझ्यात दोन हातांचे अंतर पडले, पाहता पाहता ते दहा हातांचे झाले आणि माझ्यापुरती शर्यत तिथेच संपली. उरलेल्या तिघांनी निसटलेल्यांना शर्यत संपायच्या दोन किलोमीटर आधी गाठले, पाठोपाठ दोघे गळाले आणि शेवटच्या सहकाऱ्याने आमच्या गड्याला पाठीशी घेऊन, वेग वाढवत वाढवत, शेवटच्या दोनशे मीटरपर्यंत आणून सोडले. आपण छापलेल्या छायाचित्रात विजेत्याच्या मागे धूसर दिसणाऱ्या एका स्वाराने एक हात वर केलेला आहे. तो नववा आला. नवव्या क्रमांकाचा माणूस हात उंचावून आनंद का साजरा करतो आहे, एवढे आपल्या बातमीदाराने विचारले असते तरी सगळी बातमी हाती लागली असती.

यामागे भावनेपेक्षा हवेचा हिशेब अधिक आहे. सपाट रस्त्यावर, शर्यतीच्या वेगात, सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणजे वारा पडलेला असतानाही वेग ताशी ३० किलोमीटरवरून ४० वर न्यायचा तर हवेसाठी सव्वादोन पटींहून जास्त शक्ती लागते. दुसऱ्याच्या चाकामागे हातभर अंतरावर राहणाऱ्याचा यातला मोठा भार हलका होतो. बर्ट ब्लॉकेन यांच्या संशोधक गटाने १२१ स्वारांच्या घोळक्याचा संगणकावर आणि विंड टनेलमध्ये (कृत्रिम वारा सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यात) केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात घोळक्याच्या आत खोलवर असलेल्या स्वाराला, एकट्याने जाणाऱ्याच्या तुलनेत, जेमतेम ५ ते १० टक्के अवरोध सोसावा लागतो असे आढळले. आम्हा हौशी लोकांचा घोळका इतका दाट आणि शिस्तीचा नसतो, तरी तत्त्व तेच. कोणी तरी वारा खाल्ल्याशिवाय दुसऱ्या कोणाचे पाय शेवटच्या दोनशे मीटरसाठी ताजे राहत नाहीत.

या मदतीकडे तुच्छतेने पाहण्याची परंपरा जुनी आहे आणि गंमत म्हणजे तिचा मान एका संपादकांकडे जातो. १९०३ साली टूर द फ्रान्स ही फ्रान्समधली अनेक टप्प्यांची सायकल स्पर्धा ‘लोतो’ या क्रीडा दैनिकाने सुरू केली. त्याचे संपादक आंरी देग्रांज यांना शर्यत ही ज्याची त्याने, स्वतःच्या बळावर लढावी असे वाटे. १९११ साली मोरिस ब्रोको या स्वाराने जिंकण्याची आशा मावळल्यावर दुसऱ्याला साहाय्य देऊ केले, तेव्हा देग्रांज यांनी त्याची ‘डोमेस्टिक’, म्हणजे घरगडी, अशी संभावना केली. ती शिवी पुढे मानाचे पद झाली; आज जगभरच्या व्यावसायिक संघांत हे काम करण्यासाठी स्वार नेमलेले असतात. १९३४ च्या टूरमध्ये रेने व्हिएतो या वीस वर्षांच्या स्वाराने, पिरेनीज पर्वताच्या उतारावर आपले संघनायक आंतोनँ मान्ये यांचे चाक मोडल्यावर, स्वतःच्या सायकलचे पुढचे चाक काढून त्यांना दिले आणि स्वतः रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर मदतीची गाडी येण्याची वाट पाहत बसला. दुसऱ्या दिवशी मान्ये पुन्हा अडचणीत आले, तेव्हा तो आलेल्या वाटेने उलटा मागे गेला. मान्ये यांनी ती स्पर्धा जिंकली, व्हिएतो पाचवा आला आणि छायाचित्र गाजले ते कठड्यावर बसलेल्या व्हिएतोचे. तिथल्या छायाचित्रकाराला बातमी कुठे आहे ते बरोबर दिसले होते.

एकट्याने कोणी जिंकूच शकत नाही, असा माझा दावा नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, महिलांची १३७ किलोमीटरची रस्ता-शर्यत ऑस्ट्रियाच्या ॲना कीझेनहोफर यांनी जिंकली. त्या गणितात डॉक्टरेट मिळवलेल्या, कोणत्याही व्यावसायिक संघाशी करार नसलेल्या आणि त्या शर्यतीत आपल्या देशाच्या एकमेव स्वार होत्या. पण ही शर्यतही नीट पाहिली तर मुद्दा उलटत नाही. त्या सुरुवातीलाच आणखी चौघींसह निसटल्या आणि अखेरचे चाळीसेक किलोमीटर एकट्या राहिल्या. मागे बलाढ्य संघांमध्ये पाठलाग कोणी करायचा याचा मेळ बसला नाही. स्वारांच्या कानाशी संघाच्या सूचना देणारा रेडिओ नव्हता आणि पुढे अजून कोणी आहे याचा इतका विसर पडला होता की, दुसऱ्या आलेल्या नेदरलँड्सच्या आनेमिक व्हान फ्लॉटेन यांनी आपणच जिंकलो अशा समजुतीने हात उंचावले. एका स्वाराच्या पराक्रमाइतकीच ती संघांच्या गफलतीचीही बातमी होती.

‘एकहाती’ या शब्दाने बिघडते काय, असे कोणी विचारील. आमच्या संघात दरवर्षी चार-सहा नवी मुले येतात आणि त्यांतील बहुतेकांना हा खेळ पायांतल्या जोराचा वाटतो. ती एकट्याने मैलोन्‌मैल सराव करून येतात. घोळक्यात मात्र त्यांना पुढच्याचे चाक धरता येत नाही, खड्डा दिसल्यावर हाताने मागच्याला दाखवण्याची सवय नसते आणि आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी घुसवून ठेवण्यात त्यांना काही वावगे वाटत नाही. पुढचा जरासा बाजूला हलला की ही चाके घासतात आणि पडतो तो जवळपास नेहमी मागचा, पण त्याच्या अंगावर आणखी पाच-सहा जण पडतात. मागच्या हंगामात आमच्या एकाचे गळपट्टीचे हाड असेच मोडले. हे शिकायला संघच लागतो आणि संघ नावाचे काही या खेळात असते हे मुळात वाचायला तरी मिळायला हवे.

म्हणून दोन विनंत्या करतो. आयोजकांनी वैयक्तिक बक्षिसांबरोबर सांघिक क्रमांकही काढावेत. टूर द फ्रान्समध्ये प्रत्येक टप्प्यावर संघातल्या पहिल्या तिघांच्या वेळांची बेरीज करतात, तेच सूत्र हौशी शर्यतीला सहज पुरेल आणि त्यासाठी निराळी यंत्रणाही लागणार नाही. आपल्या दैनिकाने विजेत्याच्या नावापुढे कंसात संघाचे नाव द्यावे आणि जागा असेल तेव्हा शर्यत कशी फुटली, पाठलाग कोणी केला, हे एका वाक्यात सांगावे. त्यासाठी आपल्या प्रतिनिधींना विजेता आल्यानंतर थोडे थांबावे लागेल. त्या रविवारी मी विजेत्यानंतर चार मिनिटांनी पोहोचलो, तेव्हा छायाचित्रकार कॅमेरा पिशवीत घालून निघाले होते.

आपला,
एका हौशी सायकल संघाचा सभासद