गिझरची कॉईल, पॅकिंग थंडीआधीच घरात आणून ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विदर्भ म्हटला की सगळ्यांना उन्हाळाच आठवतो, पण २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशावर गेला होता, अन अशा दिवसांत घरात गरम पाणी नसलं की काय हाल होतात ते आम्ही मागच्या हिवाळ्यात भोगलंय. पोरगी बाळंतपणाला आलेली, बाळ बारा दिवसांचं, अन गिझर बंद.

मिस्त्रीनं पाणी तापवणारी कॉईल बाहेर काढली तर तिच्यावर पांढरा थर, हातात घेतला तर चुन्याच्या खड्यासारखा, अन त्याच्याखाली तांब्याची नळी उभी चिरलेली. आमचा खारपाण पट्टा, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं, ते पूर्णा नदीकाठच्या माणसाला सांगायला नको. पाणी तापलं की क्षार कॉईलवर बसतो, मग तिची उष्णता पाण्यात जात नाही अन ती आतल्या आत जळते. तालुक्याला दोन हजार वॅटची कॉईल मिळाली पण तिची प्लेट तीन बोल्टची, आमची पाचची, अन कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला फोन केला तर आठ दिवस लागतील म्हणे. ते आठ दिवस माझी बायको पहाटे चारला उठून कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून बंब तापवत होती, धुरानं तिचे डोळे सुजले होते.

म्हणून सगळ्यांना कळकळीनं सांगतो, आजच गिझरवरच्या स्टिकरचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा अन तो दुकानात दाखवून आयएसआय मार्कची कॉईल, रबरी पॅकिंग अन थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की वीज बंद करतो तो) आणून ठेवा. पॅकिंग तर दोन ठेवा, जुनं परत बसवलं की कितीही आवळा, गळतंच. टाकीत मॅग्नेशियमचा रॉड असतो, तो स्वतः झिजून टाकी गंजू देत नाही, खाऱ्या पाण्यात लवकर संपतो, वर्षातून एकदा मिस्त्रीकडून उघडून पाहून घ्या.

अजून एक, थर्मोस्टॅट मिळत नाही म्हणून काही जण वायर डायरेक्ट जोडून देतात. हे कोणालाच करू देऊ नका, पाणी उकळतच राहतं अन वाफ कोंडून टाकी फुटू शकते, बाथरूममध्ये आपलंच माणूस असतं.

दुकानदार भावांनाही हात जोडून विनंती, कूलरचे पंप जसे होळीच्या आधी भरून ठेवता तसा कॉईल अन पॅकिंगचा माल दसऱ्यालाच मागवा.

– एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती