गर्भपाताच्या संमतीचा फॉर्म ‘सी’ सीलबंद पाकिटात, मग क्लेममध्ये बाईचे नाव कशाला?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कायदेशीर गर्भपाताची सेवा प्रत्यक्षात मिळण्याबाबत

महोदय,

योजना आता राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. आमची तक्रार रकमेबद्दल नाही. योजना बांधली आहे ती दाखल होणाऱ्या पेशंटसाठी : खाट, ऑपरेशन, डिस्चार्ज. लवकर केलेला गर्भपात या साच्यात बसतच नाही. त्यामुळे पॅकेजच्या यादीत ‘एमटीपी’ (कायदेशीर गर्भपात) हा शब्द असून भागत नाही.

आधी दिवसांचा हिशोब पाहा. गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईची पाळी चुकली, त्याच दिवशी चार आठवडे भरलेले असतात. ‘येईल आज-उद्या’ म्हणत आठवडा काढून घरी टेस्ट केली की ३५वा दिवस. गोळ्यांची मुदत नऊ आठवडे, म्हणजे ६३ दिवस. हातात उरले २८. आता ती नव्याने लग्न झालेली असेल, तर नाव माहेरच्या रेशन कार्डावर आणि आधारवर सासरचे आडनाव. रुग्णालयातल्या योजनेच्या टेबलावर दोन्ही जुळत नाहीत. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, मग सासरच्या कार्डात चढवायचे. यात ते २८ दिवस सहज संपतात. गोळ्यांवर भागणारे काम मग व्हॅक्यूमने गर्भपिशवी रिकामी करण्यावर जाते आणि बारा आठवडे उलटले की दाखल करावे लागते. बाईचा त्रास वाढतो आणि तिजोरीचा खर्चही. निदान या सेवेसाठी तरी आधार किंवा रेशन कार्ड, दोन्हींपैकी एकावरचे नाव पुरेसे धरावे आणि जुळवाजुळव मागाहून करावी.

गोळ्यांचे किट साधे असते : २०० मिलिग्रॅमची मिफेप्रिस्टोनची एक गोळी आणि २०० मायक्रोग्रॅमच्या मिसोप्रोस्टॉलच्या चार. पहिली आज, बाकीच्या एक-दोन दिवसांनी आणि पंधराव्या दिवशी तपासणी. खाट कुठेच लागत नाही. नेमके म्हणूनच पैसे मिळत नाहीत, कारण आपली योजना जिच्याशी जोडून चालते त्या केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत ओपीडीचा, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचाराचा, खर्च धरलेला नाही. मग एक तर बाई खिशातून पैसे भरते, नाही तर कागदावर तिला दाखल दाखवले जाते आणि तो क्लेम पुढे तपासणीत उडतो. तिसरी वाट मेडिकल दुकानाची. किट डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी मिळते. आठवडे कोणी मोजत नाही, गर्भ पिशवीऐवजी नळीत आहे का हे कोणी पाहत नाही. नीट घेतलेल्या गोळ्यांनंतरही शंभरात दोन ते पाच जणींची पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. चुकीच्या आठवड्यात घेतल्या तर प्रमाण वाढते. अशी बाई रक्तस्राव होऊन रात्री आली की मात्र खाट लागते, आणि मग योजना तिला ओळखते!

म्हणून गोळ्यांचे एकच ओपीडी पॅकेज करा. त्यात हिमोग्लोबिन आणि रक्तगट, किट, वेदनाशामक, पंधराव्या दिवसाची तपासणी आणि गरज पडल्यास पिशवी रिकामी करणे हे सगळे नव्या मंजुरीशिवाय यावे. डिस्चार्जनंतरच्या दहा दिवसांचा सध्याचा पाठपुरावा इथे अपुरा पडतो. सोनोग्राफीचे पैसे जरूर द्या, पण ती सक्तीची करू नका. तारखेबद्दल किंवा नळीतल्या गर्भाबद्दल शंका असेल तिथे ती हवीच. सलग दोन तास, तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील, तर त्या बाईसाठी पूर्वमंजुरीचा प्रश्नच येऊ नये.

आता गुप्ततेकडे येतो. सगळ्यात अवघड गाठ तीच आहे. २००३च्या एमटीपी नियमावलीनुसार बाईच्या संमतीचा फॉर्म ‘सी’ आणि डॉक्टरांचे मत ‘गोपनीय’ लिहिलेल्या सीलबंद पाकिटात रुग्णालय प्रमुखाच्या ताब्यात राहते. तिचे नाव फक्त दाखल नोंदवहीत. केस पेपर, ऑपरेशन थिएटरचे रजिस्टर, फॉलो-अप कार्ड, सगळीकडे केवळ त्या वहीतला अनुक्रमांक लिहायचा. २०२१च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ५-अ नुसार नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. क्लेमची रीत याच्या बरोबर उलटी. पोर्टलवर नाव, फोटो, अंगठा, उपचाराचा कोड एकाच पानावर येतात, आणि त्याला स्कॅन केलेली संमती जोडायला सांगितली तर सील फोडल्याशिवाय ते होत नाही. शिवाय लाभ कुटुंबाचा असतो. कार्डाला जोडलेला मोबाइल सासऱ्यांचा किंवा दिराचा असला तर ओटीपी, मंजुरीचा मेसेज आणि नंतर ‘उपचार कसे झाले’ विचारणारा फोन घरात कुठे वाजणार, ते सांगायला नको.

यावर उपाय आहे आणि तो फार खर्चिकही नाही. पात्रता तपासणे आणि उपचाराची नोंद ही दोन पाने वेगळी करा. पहिल्यावर नाव असावे, उपचार नसावा. दुसऱ्यावर अनुक्रमांक, आठवडे आणि पद्धत असावी, नाव नसावे. मेसेज आणि फोन बंद, किंवा बाईने स्वतः दिलेल्या नंबरवर. फॉर्म ‘सी’ अपलोड करायला सांगू नये. रुग्णालय प्रमुखाचे प्रमाणपत्र पुरे.

नवऱ्याच्या सहीचा विषय खरे तर संपायला हवा होता. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती कायद्याला पुरते आणि २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही २० ते २४ आठवड्यांच्या तरतुदीत धरले आहे. तरीही ‘मिस्टरांना घेऊन या’ ऐकू येतेच. योजनेच्या टेबलावर बसणाऱ्या आरोग्यमित्रांच्या चेकलिस्टमध्ये नवऱ्याच्या सहीचा रकाना नसावा. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत पोक्सो कायद्याखाली पोलिसांना माहिती द्यावीच लागते, पण तिने आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी त्या माहितीत तिची ओळख देण्याची गरज नाही, हेही त्याच निकालात आहे. पोलिसांकडे झाकता येणारे नाव क्लेममध्ये उघडे का? आणि बलात्कारपीडितेवर सरकारी-खासगी सर्वच रुग्णालयांनी मोफत उपचार करायचे आहेत. तिच्याकडे कार्ड मागूच नये.

२४ आठवड्यांपुढे वैद्यकीय मंडळाला विनंती आल्यापासून तीन दिवसांत निर्णय द्यायचा असतो आणि परवानगी मिळाल्यास विनंती आल्यापासून पाच दिवसांच्या आत प्रक्रिया व्हायची असते. योजनेची मंजुरी याच पाच दिवसांत बसली पाहिजे. क्वेरी काढून फाईल परत पाठवण्याइतका वेळ तिथे नसतो.

जाता जाता : कामगार राज्य विमा योजना पात्र स्त्रीला कायदेशीर गर्भपातानंतर सहा आठवड्यांचा पगारी लाभ देते. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कितीतरी जणींना हे ठाऊक नसते. आरोग्यमित्राने एवढे सांगितले तरी खूप.

शेवटचे काम आपल्या कार्यालयातून लगेच होऊ शकेल. सरकारी रुग्णालयाला गर्भपातासाठी वेगळी मान्यता लागत नाही, खासगीला जिल्हा समितीची लागते. योजनेशी जोडलेल्या रुग्णालयांची यादी वेगळी आणि एमटीपी मान्यता असलेल्यांची वेगळी. खाटांच्या अटीमुळे मान्यता असलेली बरीच छोटी प्रसूतिगृहे योजनेच्या बाहेर राहतात. बाईला हवी आहेत दोन्ही याद्यांत असलेली ठिकाणे. तालुकावार, किती आठवड्यांपर्यंतची मान्यता आहे त्यासह, ती एक यादी काढा आणि योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर फोन करणाऱ्या बाईला नाव न विचारता ती वाचून दाखवायला सांगा.

आपले,
गर्भपात सेवेत आणि योजनेच्या टेबलांवर काम करणारे आम्ही काही जण