तपकिरी भुकटी म्हणजे कायटिन नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीपासून कायटिन (कीटकांच्या आणि कोळंबीच्या कवचातला चिवट पदार्थ) काढून शेतकऱ्यांना जोडधंदा उभारता येईल, असे हल्ली वारंवार ऐकू येते. 2018 मध्ये कर्नाटकात आढळलेली आणि त्याच वर्षी आपल्याकडे पोहोचलेली ही परकी कीड चार पैसे मिळवून देणार असेल, तर कोणाला नको आहे? परंतु रसायनशास्त्र शिकवण्यात हयात गेल्यामुळे या कल्पनेतील एक कच्चा दुवा दाखवावासा वाटतो.

कामगंध सापळ्यांत, म्हणजे मादीच्या गंधाचे आमिष लावलेल्या सापळ्यांत, सापडलेले या अळीचे नर पतंग वाळवून आम्ही विद्यार्थ्यांसह त्यांची भुकटी केली होती. पंखांवरील खवल्यांमुळे ती पाण्यात भिजेचना, वरच तरंगत राहिली. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यावर कोळंबीच्या टरफलांतून जसा फेस उसळतो, तसा येथे उसळला नाही, कारण कॅल्शियम कार्बोनेट टरफलात भरपूर असते आणि कीटकाच्या कवचात नाममात्र. पुढे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तापवल्यावर प्रथिने सुटून द्रावण काळे पडले, तरी गाळणकागदावर उरलेला चोथा तपकिरीच होता. कवच टणक होताना प्रथिने आणि कायटिन यांची जी घट्ट वीण बसते, ती एवढ्याने उसवत नाही.

अशा चोथ्याचे वजन करून ‘इतके टक्के कायटिन मिळाले’ असे सांगणे म्हणजे निवडण्याआधीच धान्य मापणे होय. शुद्ध कायटिनमध्ये नायट्रोजन 6.9 टक्क्यांच्या आसपास असतो. तो बराच जास्त भरला, तर प्रथिने मागे राहिल्याचा संशय घ्यावा. अवरक्त वर्णपटात 1660 आणि 1620 या तरंगसंख्यांजवळ जोडशिखर दिसले आणि क्ष-किरण विवर्तनात 9 व 19 अंशांच्या जवळपास ठळक शिखरे आली, तरच अल्फा कायटिन (कीटक आणि कोळंबीच्या कवचात आढळणारा कायटिनचा प्रकार) हाती लागल्याचे म्हणता येते. (गंमत म्हणजे नोव्हाल्युरॉनसारखी कीटकनाशके अळीला हेच कायटिन बनवू देत नाहीत.)

उत्पन्नाचे म्हणाल, तर वाळलेला पतंग ग्रॅमचा किरकोळ अंश भरतो, आणि सापळे असतात ते किडीवर नजर ठेवण्यासाठी. माल कमी पडतो म्हणून ही कीड मुद्दाम पाळण्याचा विचारही कोणी करू नये. कोकणात कोळंबीची टरफले आयती मिळत असताना पतंगांचा प्रयोग वर्गापुरताच शोभतो. बातमी देताना मात्र मिळालेल्या कायटिनच्या टक्केवारीसोबत नायट्रोजनचा आकडा आणि वर्णपट विचारावा, तसेच त्या काळ्या क्षारयुक्त पाण्याचे काय केले, हेही विचारावे. आम्हाला ते आम्लाने उदासीन करूनच मोरीत सोडावे लागले होते.

आपला,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, सोलापूर